न सुजलेल्या सडाकडे आधी बघा

उमापूरकडच्या एका गोठ्यात पहाटेची धार संपत आली होती. गाय काळी-पांढरी होल्स्टीन संकरित. आपल्या गेवराई भागात तिलाही 'जर्शी'च म्हणतात. डाव्या बाजूचा मागचा सड दगडासारखा टणक झालेला, हात लावला की गाय लाथ झाडायची. मालकीणबाई म्हणाल्या, "डाक्टर, ह्यो एकच बिघडलाय बघा. बाकीचे तीन झकास हायेत."

मी चार वाट्यांचं प्लास्टिकचं तबक काढलं. प्रत्येक सडाच्या दोन-दोन चिळकांड्या एकेका वाटीत घेतल्या, वर तेवढंच तपासणीचं द्रावण ओतलं आणि तबक हातात गोल फिरवलं. सुजलेल्या सडाच्या वाटीत दूध घट्ट झालं, त्यात कुणालाच नवल वाटलं नाही. पण पुढच्या उजव्या, 'झकास' सडाच्या वाटीतलं दूधही अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं गोळा होऊन फिरू लागलं. बाईंनी त्या सडाला पुन्हा हात लावून पाहिला. मऊ, गार, नेहमीसारखा. "ह्यो कवा बिघडला?" त्यांनी विचारलं. ते त्या गोठ्यात कुणालाच माहीत नव्हतं. बहुधा मागच्या वेतापासून.

दगडी, कासदाह, काससुजी ही नावं तुम्हाला पाठ आहेत. या लेखात मला तुम्हाला कासेच्या जरा आत न्यायचं आहे. तिथल्या पेशी जंतूला कशा ओळखतात, कोणत्या जंतूला पाहून आरडाओरडा करतात आणि कोणत्या जंतूपुढे गप्प बसतात, हे कळलं की गोठ्यातले निम्मे निर्णय बदलतात.

आधी त्या वाटीतल्या गोळ्याकडे परत येऊ. ते जे घट्ट झालं, तो गाईचा डीएनए होता. सडात जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. तपासणीच्या द्रावणात साबणासारखा पदार्थ असतो. तो या पेशींची आवरणं फोडतो, आतले डीएनएचे लांब धागे बाहेर पडून एकमेकांत गुंततात आणि दूध चिकट होतं. पेशी जितक्या जास्त तितका गोळा घट्ट. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात या पेशी साधारण एक लाखाच्या आत असतात; दोन लाखांच्या वर गेल्या की आत काहीतरी चाललंय असं समजायचं. अमेरिकेत 1957 साली शाल्म आणि नूरलँडर या दोघांनी ही चाचणी मांडली. 'सीएमटी' म्हणून तिचं तयार द्रावण औषधांच्या दुकानात मिळतं.

आता कासेच्या आत. सडाच्या आतल्या बाजूला ज्या पेशींचं अस्तर असतं, त्यांच्या अंगावर जंतू ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांना गावचे जागल्ये समजा. एक जागल्या, टीएलआर-4 नावाचा, शेणातल्या ई. कोलाय जंतूचं कातडं ओळखतो. दुसरा, टीएलआर-2, स्टॅफिलोकोकस आणि त्याच्या भाऊबंदांना ओळखतो. पेशीच्या आत एक मुकादम बसलेला असतो. त्याचं नाव एनएफ-कप्पा-बी. एरवी एका दुसऱ्या प्रथिनानं त्याला धरून ठेवलेलं असतं, म्हणून तो जागचा हलत नाही. जागल्यानं हाळी दिली की ते धरून ठेवणारं प्रथिन तोडलं जातं, मुकादम सुटतो आणि थेट पेशीच्या केंद्रकात शिरतो. तिथे गाईची हजारो जनुकं वहीच्या पानांसारखी आहेत. हा गडी नेमकी हवी ती पानं उघडतो. एका जनुकावरून पांढऱ्या पेशींना बोलावणारा निरोप तयार होतो, दुसऱ्यावरून ताप आणणारा, तिसऱ्यावरून जंतूच्या अंगाला भोकं पाडणारी छोटी प्रथिनं. आपल्या तालुक्यात मुकादमानं वही उघडली की कोयत्यांच्या टोळ्या कशा गोळा होतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जनुकं गाईत जन्मापासून मरेपर्यंत तीच असतात. ती कधी उघडायची, किती जोरात उघडायची आणि कधी मिटायची, यावर सगळा खेळ आहे. जनुकीय नियमन म्हणतात ते हेच.

आणि इथे दोन जंतूंची वाट वेगळी होते. ई. कोलाय शिरला की टीएलआर-4 जोरात हाळी देतो, मुकादम सुटतो, काही तासांत पांढऱ्या पेशींचा लोंढा येतो. कास सुजते, लाल होते, ताप चढतो, दूध पाण्यासारखं होतं. कधी कधी हा प्रतिसाद इतका बेफाम होतो की जंतू कमी झाले तरी गाय त्या लढाईनंच आडवी पडते. एका सडात जंतू असला तरी शेजारच्या निरोगी सडांमधली जनुकंही जागी होतात, यकृतसुद्धा कामाला लागतं. म्हणून अशा गाईची भूक जाते, ती सुस्त पडते.

स्टॅफिलोकोकस ऑरियसचं उलटं आहे. कासेच्या पेशींवरच्या प्रयोगांत असं दिसलं की टीएलआर-2 हा जंतू ओळखतो, पण मुकादम मात्र पुरेसा जागा होत नाही. जागल्या ओरडतो, वही मिटलेलीच राहते. थोड्याफार पेशी येतात, दूध दिसायला बरं असतं, कास मऊ असते. तेवढ्या वेळात हा जंतू कासेच्या पेशींच्या आत घुसतो, छोट्या छोट्या गाठी करून बसतो. पुढे औषधाची नळी सोडली तरी ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. उमापूरच्या त्या 'झकास' सडाची अवस्था बहुधा हीच होती. आणि धार काढणारे हात तेच असल्यानं हा जंतू एका सडातून दुसऱ्यात, एका गाईतून दुसरीत बिनबोभाट जातो.

यातून पहिला धडा असा की सुजलेला सड आपल्याला घाबरवतो, पण गोठा बुडवतो तो न सुजलेला सड.

महिन्याला एक वाटी

म्हणून दर महिन्याला प्रत्येक दुभत्या गाईचे चारही सड तपासा. सीएमटीचं द्रावण नसेल तर कपडे धुण्याची साधी पावडर चालते: तराजूवर मोजून 15 ग्रॅम पावडर अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. पहिल्या दोन-तीन चिळकांड्या टाकून द्या, नंतरचं दूध वाटीत घ्या, तेवढंच द्रावण घाला आणि अर्धा मिनिट हळूच फिरवा. दूध पातळच राहिलं तर बरं. तार सुटली, चिकट झालं, गोळा झाला तर त्या सडावर खूण करा आणि तारीख वहीत लिहा. गाय नुकतीच व्याली असेल तर पहिल्या आठवड्यात ही चाचणी करू नका. चिकाच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात. दूध आटत आलेल्या गाईतही ती फसवते. तपासलेलं दूध जमिनीवर ओतू नका, त्यात जंतू असतात. वाट्या धुवून उन्हात ठेवा.

रोज करायची गोष्ट याहून सोपी आहे. धारेच्या पहिल्या चिळकांड्या काळ्या कापडावर किंवा काळ्या ताटलीवर घ्या. गुठळी, पाणी, रक्ताचा धागा लगेच दिसतो. संकलन केंद्रावर एसएनएफ अचानक घसरला, तर केंद्राच्या माणसाशी भांडण्याआधी कास बघा. दगडीत दुधातली साखर कमी होते आणि रक्तातलं मीठ दुधात उतरतं, म्हणून ते खारट लागतं. मात्र कच्चं दूध चाखून परीक्षा करू नका.

आधी गाय, मग सड

सूज आली तेव्हा काय करायचं? आधी गाईकडे बघा, सडाकडे मागून. ताप आहे, कान गार आहेत, रवंथ थांबलाय, गाय उठत नाही, दूध पाणचट पिवळं येतंय, अशी लक्षणं असतील तर हा तासांचा प्रश्न आहे. सकाळपर्यंत वाट पाहू नका. इथे गाईला प्रतिजैविकापेक्षा आधी सलाइन आणि सूज-ताप उतरवणारं औषध लागतं, कारण तिला तिच्याच जनुकांनी उठवलेल्या वणव्यापासून वाचवायचं असतं. ते औषध कोणतं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. गाभण गाईला चुकीचं स्टेरॉइड टोचलं तर ती गाभडते. आणि जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर आपल्या देशात 2006 पासून बंदी आहे. ते औषध टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती.

गाय चारा खातेय, ताप नाही, फक्त दुधात गुठळ्या आहेत, असं असेल तर घाई नको. औषध देण्याआधी त्या सडाचं दूध स्वच्छ बाटलीत घेऊन तपासायला पाठवा. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, याची चाचणी होते. आपल्याकडे काय होतं, तर एका दुकानातून एक नळी, दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं सांगितलेली. मीही सुरुवातीच्या वर्षांत जंतू न तपासता नळ्या सोडल्या आहेत आणि त्यातल्या दोन गाई कायमच्या तीन सडांवर आलेल्या पाहिल्या आहेत. अजून ती चूक मनातून जात नाही.

कोरफडीचा गर, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं गावोगाव सांगितलाय. साधारण 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना; वाटून दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस, पूर्ण कासेला. सौम्य दगडीत तो लावायला हरकत नाही, माझीही नाही. पण गाय बसली असताना लेप लावत बसू नका.

औषध चालू असताना आणि डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका. एकाच सडात नळी सोडली म्हणून बाकी तिघांचं चालतं, हा समज खोटा आहे. औषध रक्तातून सगळीकडे फिरतं.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: सूज उतरली, मग दूध का परत येत नाही? याचं एक उत्तर जनुकांत आहे. जर्मनीतल्या डुमरस्टॉर्फ इथल्या संशोधकांनी 2006 साली दाखवलं की तीव्र ई. कोलाय दगडीत दुधाच्या एका मुख्य प्रथिनाच्या, केसीनच्या, जनुकाजवळ मिथाइल नावाची रासायनिक कुलपं बसतात आणि त्या प्रथिनाचं उत्पादन एकदम बंद पडतं. कास जणू ठरवते की आता दूध नाही, आधी लढाई. शिवाय दूध करणारं मांसही खराब झालेलं असतं. अशा सडाला ऑक्सिटोसिन टोचून, ओढून ताणून काही उपयोग नाही; उलट इजा होते. त्या वेतात तो सड कमी दूध देईल हे धरून चाला. नीट आटवली, नीट जपली तर पुढच्या वेतात बरेच सड सुधारतात.

उसाचे वाढे आणि व्याण्याचा पंधरवडा

गाईची ही संरक्षण-फळी सगळ्यात ढिली केव्हा पडते? व्याण्याच्या आधी आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत. व्याण्याच्या वेळी अंगात ताणाचं संप्रेरक वाढतं आणि पांढऱ्या पेशींच्या अंगावरची एक चिकटपट्टी गळून पडते. ती नसली तर त्या रक्तवाहिनीतून कासेत उतरूच शकत नाहीत. त्यातच दूध जास्त आणि खाणं कमी, म्हणून अंगातली चरबी वितळते, आणि त्यातून रक्तात वाढणारे पदार्थ पांढऱ्या पेशींना मंद करतात.

आपल्या भागात यात अजून एक भर पडते. जायकवाडीच्या उजव्या कालव्यानं गेवराईत ऊस आणला आणि उसाबरोबर वाढे आले. गळीत हंगाम सुरू झाला की तीन-चार महिने गाईच्या पुढ्यात वाढेच वाढे. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅल्शियम कमी पडलं की सडाच्या तोंडाचा स्नायू सैल राहतो, भोक नीट मिटत नाही. एवढंच नाही, पांढऱ्या पेशींना जंतूशी लढण्याचा इशाराही कॅल्शियमवाटेच मिळतो. म्हणजे लढणाऱ्या पेशीही सुस्त आणि दारही उघडं.

वाढे सोडा असं मी म्हणत नाही. दुष्काळी तालुक्यात तो चारा सोडणं परवडणारं नाही. वाढे कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून द्या, त्यासोबत निम्मा तरी दुसरा चारा असू द्या. रोज खनिज मिश्रण द्या. नुसत्या जुन्या कडब्यावरच्या गाईला ई जीवनसत्त्व मिळत नाही, आणि पांढऱ्या पेशींना ते सेलेनियमबरोबर लागतं. हिरवा घास, मका, मेथीघास थोडा का होईना रोज पडू द्या. पण व्याण्याआधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. त्यामुळे गाईचं शरीर हाडांतलं कॅल्शियम बाहेर काढायला विसरतं आणि व्याल्याबरोबर ती कोसळते. पाजायचं ते व्याल्यानंतर.

गाय व्याण्याच्या दोन महिने आधी आटवा. आटवताना सडात सोडायची औषधं वेगळी असतात. महिन्याच्या वाटीत ज्या सडांवर खूण आहे, त्यांना ती डॉक्टरांकडून नक्की सोडून घ्या. लपलेल्या स्टॅफिलोकोकसला गाठण्याची तीच सर्वांत चांगली संधी.

दिवाळीनंतर घरचे तरणे हात ऊसतोडीला जातात आणि गाय म्हाताऱ्या आई-वडिलांच्या हवाली होते, हे आपल्याकडे घराघरांत आहे. हात बदलला की गाय पान्हा चोरते, कासेत दूध मागे राहतं. म्हाताऱ्या माणसांची बोटं दुखतात म्हणून ती अंगठा आत मुडपून सड ओढतात. त्यानं सडाच्या आतलं अस्तर सोलवटतं. जंतू ओळखणारे जागल्ये त्याच अस्तरात राहतात. पूर्ण मुठीनं धार काढायला शिकवून जा, आणि जाण्याआधी चार-आठ दिवस दोघं मिळून धार काढा.

बाकी धारेची शिस्त तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात: हात धुवून, सड धुवून आणि कोरडे करून, प्रत्येक गाईला वेगळं फडकं. खूण असलेली गाय सगळ्यात शेवटी. धार झाल्यावर चारही सड अर्ध्या टक्क्याच्या आयोडीन द्रावणात बुडवा आणि लगेच गाईपुढे चारा टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा ते एक तास लागतो, तेवढा वेळ ती उभी राहिली पाहिजे. पावसाळ्यात गोदाकाठच्या काळ्या मातीचा चिखल गोठ्यात येतो, तेव्हा या एका तासाला सोन्याची किंमत असते.

बाजार आणि वळू

हिरापूरच्या बाजारात गाय घेताना दात बघता, कासेच्या शिरा बघता, पान्हा बघता. खिशात पावडरच्या पाण्याची बाटली आणि चार वाट्याही ठेवा. विकणारा चाचणी करू देत नसेल तर ती गाय घेऊ नका. अंगानं धडधाकट, मऊ कासेची गाय घरी येते आणि वर्षभरात गोठ्यातल्या चार गाई तीन सडांवर येतात, हे मी पाहिलं आहे.

दगडी न होणारी गाय जन्मालाच घालता येईल का? काही अंशी. सड फुगून दगडी होण्यात गाई-गाईंमध्ये जो फरक दिसतो, त्यातला वारशानं आलेला भाग शंभरात दोन ते पाच इतकाच भरतो. बाकी गोठा, हात, चारा आणि नशीब. दुधातल्या पेशींच्या संख्येत वारशाचा वाटा त्याहून थोडा जास्त. होल्स्टीन गाईंच्या सहाव्या गुणसूत्रावर, ड जीवनसत्त्व वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाजवळ, एक जागा सापडली आहे. तिथला जो प्रकार दगडीची जोखीम वाढवतो, त्याचा संबंध जास्त दुधाशीही आढळला आहे. नुसत्या दुधामागे लागून वळू निवडले की काय होतं, ते यात दिसतं. नॉर्वेनं 1975 पासून प्रत्येक गाईच्या आजाराची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि 1978 पासून वळू निवडताना दगडीचाही हिशेब धरला. आपल्याकडे 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम इथे 'गौ चिप'चं लोकार्पण झालं; तिच्या साहाय्यानं गाईचा डीएनए वाचता येतो. पण चिप कितीही चांगली असली तरी कोणत्या गाईला कधी दगडी झाली ही नोंदच नसेल, तर डीएनए वाचून जुळवायचं कशाशी?

ती नोंद तुमच्या वहीत आहे. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, वेत, कोणता सड, कोणती तारीख, काय औषध, किती दिवस. कृत्रिम रेतन करणाऱ्याला वळूचा क्रमांक विचारा आणि तोही त्यात लिहा. तीन वेतांनी ही वही उघडाल तेव्हा कोणत्या गाईची कालवड ठेवायची आणि कोणत्या गाईची विकायची, हे कुणाला विचारावं लागणार नाही. लाल कंधारी किंवा देवणी गाय दारात असेल तर तिची नोंद तर जरूरच ठेवा. दूध कमी म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही, पण तिला दगडी क्वचितच होते असं जुनी माणसं सांगतात, आणि ते तपासायला आपल्याकडे लिहिलेलं फारसं काही नाही.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962 आहे, फोन फुकट लागतो. गोठ्याच्या दाराच्या चौकटीवर तो आजच खडूनं लिहून ठेवा, म्हाताऱ्या माणसांना दिसेल एवढ्या मोठ्या आकड्यांत.